नोनाचे चांदीचे डोळे

८ ऑगस्ट १९८६, जर्सी सिटी

काल दुपारी परत आलो. बॅगा अजून हॉलमध्येच पडल्यात. नेहा पहाटेच उठून सीरियल खात बसली, म्हणे पोटाला अजून भारतातलीच वेळ वाटतेय. हे आज लगेच ऑफिसला. पाथ ट्रेनमध्ये उभ्या उभ्या झोपणार हे नक्की.

टॅक्सी थांबली तेव्हा नोना बाहेर पायऱ्यांवर बसलेली. घर तिचं. ती खाली, आम्ही वर. नाव कॉन्चेत्ता, वय चौऱ्याहत्तर, नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा टेक्सासला अर्विंगमध्ये. तिच्याकडे आजीला नोना म्हणतात, नेहा बोलायला लागल्यापासून तेच म्हणते, मग आम्हीही. मी धड उतरलेही नव्हते तर तिचा प्रश्न, "अडकवलेस?"

मी मान हलवली. 'हो' म्हटलं नाही, हे लिहून ठेवते. आपली ती मान. 'हो' म्हणायलाही तीच, 'बघू' म्हणायलाही तीच. नोनाला तेवढं पुरलं. तिनं माझे दोन्ही गाल धरले आणि रडायलाच लागली. हे बॅगा उचलून वर गेले.

डोळे अजून माझ्या पर्समध्येच आहेत. आतला कप्पा, रुमालात गुंडाळलेले. आत्ता पुन्हा बघितले.

१० ऑगस्ट, रविवार

आज अकरावा दिवस. डोक्यावरून न्हाले, देव्हारा पुसला, दिवा लावला. भाऊकाकांचं सुतक फिटलं. ह्यांचे सख्खे चुलते. आम्ही निघायच्या तीन दिवस आधी साताऱ्याला गेले. तिकिटं बदलून मिळेनात, तसेच निघालो. इटलीचा मुक्काम आधीपासून ठरलेला. तो कॅन्सल करून भाऊकाका परत येणार आहेत का, असं हे म्हणाले, आणि तेही खरंच.

दिवा लावल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. नीट लिहून काढते, म्हणजे माझं मलाच कळेल.

जूनमध्ये नोनानं मला खाली बोलावलं. एप्रिलमध्ये तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, छान झालं. त्याआधी ती तिच्या गावच्या डोंगरावरच्या मातेला बोलली होती, दिसायला लागलं की चांदीचे डोळे वाहीन. स्वतःचे गुडघे गेलेले. एकोणीस वर्षांची असताना बोटीनं आली ती पुन्हा तिकडे गेलीच नाही. आम्ही परतताना दोन दिवस रोमला उतरणार हे नेहानं तिला सांगितलेलं.

तिनं रुमाल सोडला. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले दोन डोळे, भुवयांसकट, वर कडीत पांढरा दोरा. ती समजावून सांगायला लागली तर मी म्हटलं, नको सांगूस, कळलं. आमच्याकडे देवीला वाहतात ते अगदी असेच असतात. मला लहानपणी कांजिण्या आल्या, एक फोड थेट पापणीवर, तेव्हा आईनं वाहिले होते. नोना माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, माझ्या मुलालासुद्धा हे समजावून सांगावं लागतं, आणि तुला नाही.

म्हणूनच तिनं ते मला दिले. इथल्या दुसऱ्या कुणाला दिले नसते.

अटी दोनच. शेवटची चढण चालत जायची, आणि आपल्या हातानं अडकवायचे. चालत गेले मी. पुढचं उद्या. भात लागायला आला.

१२ ऑगस्ट

परवा अर्धंच राहिलं.

तिचं गाव कास्तेलवेर्ना. डोंगराच्या माथ्यावर, खालून बघितलं तर आमच्या सज्जनगडासारखं, फक्त वर घरांची दाटी. बसनं वेशीपाशी सोडलं. दगडी वेस, आत चढाच्या गल्ल्या, मध्ये चौक, चौकात कारंजं. मोठं देऊळ (मी देऊळच म्हणणार), त्याच्या तळघरात कुणा जुन्या बिशपची समाधी. पलीकडे मठ, त्याच्या ओवरीत भिंतभर रंगवलेली चित्रं. हे सगळं ह्यांनी आणि नेहानं बघितलं. मी बघितल्या पायऱ्या. सुतक होतं, आत कशी जाणार? मोठ्या देवळाच्या सात, मठाच्या तीन. हे चिडवत होते, इटलीत येऊन पायऱ्या मोजणारी तूच पहिली.

मग मातेकडे. गावाबाहेर तासाभराची चढण, वाटेत चौदा देवळ्या, प्रत्येकीत येशूला क्रुसाकडे नेतानाचा एकेक प्रसंग. ऊन रणरणत होतं. वर खडकाला पाठ लावून लहानसं देऊळ. मी दारात थांबले.

हे म्हणाले, आण इकडे, मी अडकवतो. मी म्हटलं, सुतक मुळात तुमचं आहे, मला ते तुमच्यामुळे. तर म्हणे, इथल्या देवाला आपलं सुतक माहीत नाही. मी म्हटलं, आपल्या देवाला जे चालत नाही ते दुसऱ्याच्या देवाच्या गळ्यात मारायचं का? मग म्हणाले, पर्समध्ये घेऊन हिंडतेस ते बरं चालतं. तरी डोळे दिले नाहीत. दोघं आत गेले, मी पायरीवर. देऊळ सांभाळणारा म्हातारा बाहेर आला, हातानं ये ये करत होता. मी मान हलवली. त्यानं पाणी आणून दिलं. तो दिवस सुतकाचा सातवा, आणि आमचं विमान दुसऱ्या दिवशी.

इथपर्यंत मी चुकले असं मला अजून वाटत नाही. त्या मातेला खरी मानली म्हणूनच आत गेले नाही. नुसतं बघायला गेले असते तर गेलेही असते कदाचित. चुकले ती टॅक्सीपाशी.

आज नोनाला सांगणार होते. ती तळलेली भोपळ्याची फुलं घेऊन वर आली. गरम होती. खाल्ली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

तिकडे स्वातंत्र्यदिन, इथे नोनाच्या चर्चमध्ये मातेचा सण. रस्त्यात पताका, बँड. खांद्यावरून मूर्ती निघाली, निळा झगा, लोक झग्याला साखळ्या, पदकं अडकवत होते. नोना माझ्या दंडाला धरून चालली होती. पर्स दुसऱ्या खांद्याला.

एकदा मनात आलं, गर्दीत इथेच अडकवून टाकावे. नेहाच्या कानात म्हटलंही. तिला तिकडचं सगळं माहीत आहे, बारा वर्षांची आहे, काही लपत नाही. ती म्हणाली, "शी इज द सेम मेरी, आई."

असेल. तुळजापूरची आणि कोल्हापूरची एकच म्हणतात तसं. पण तुळजापूरला बोललेलं कोल्हापुरात फेडून चालतं का? पर्स उघडली नाही. खरं सांगायचं तर ते एवढंच कारण नव्हतं. अडकवताना नोनानं बघितलं असतं.

३० ऑगस्ट, शनिवार

स्लाइड्स डेव्हलप होऊन आल्या. मी ह्यांना म्हणत होते दाखवायचं राहू द्या, पण नोनाला नेहानं आधीच बोलावलेलं. ऑफिसातून प्रोजेक्टर आणला, भिंतीला पांढरी चादर लावली. नोना तासभर आधीच येऊन बसली, नवा चष्मा, कानात मोत्यांच्या कुड्या.

वेस आली तर म्हणाली, हिच्यात लाकडाची गाडी अडकली होती, दोन दिवस गावात कुणी आत नाही की बाहेर नाही. कारंजं आलं तर उठूनच उभी राहिली. तिथून तांब्याची घागर डोक्यावर घेऊन घरी जायची, रोज तीन खेपा. मठाची ओवरी तिनं कधी बघितलेली नव्हती, बायकांना तेव्हा आत सोडत नसत. भिंतीवरच्या चित्रात एक बाई तव्यावर काहीतरी परतत होती, ती बघून खूप हसली. खाली दरीत दगडी पूल आहे, रोमन लोकांचा म्हणतात. नोना म्हणे, मुळीच नाही, सैतानानं एका रात्रीत बांधला, आजोबांनी सांगितलंय. इतकी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती. पन्नास-पंचावन्न वर्षांनी गाव बघत होती, आणि तेही एका डोळ्यानं.

मग डोंगरावरचं देऊळ. पायरीवर मी, मांडीवर पर्स. नोनानं विचारलं, तू बाहेर का बसलीस? मी म्हटलं, पाय दुखत होते.

पुढची स्लाइड आतली. भिंतभर चांदी. काळजं, हात, पाय, एक तान्हं मूल, आणि डोळे, खूप डोळे. ह्यांनी पटकन पुढे न्यायला हवी होती. नोना उठून चादरीपाशी गेली. "माझे कुठले?"

हे बटणावर बोट ठेवून. नेहा माझ्याकडे बघत होती. मी उठले आणि बोट ठेवलं. खालून तिसरी ओळ, पांढरा दोरा असलेले. तसे तिथे पाच-सात तरी होते.

नोनानं चादरीवर ओठ टेकले. त्या डोळ्यांवर. मग छातीवर क्रूस केला आणि मला जवळ घेतलं. तिच्या अंगाला लसणाचा आणि साबणाचा वास येत होता.

ती खाली गेल्यावर चादर काढत होते तर नेहा म्हणाली, "दॅट वॉज़न्ट हर्स. हर्स आर इन युवर पर्स." मी म्हटलं, ठाऊक आहे मला. ती म्हणाली, "देन व्हाय?" हे मध्ये पडले, झोपायला जा म्हणाले. नेहा गेली, पण 'गुड नाइट' न म्हणता.

३१ ऑगस्ट

एक मान हलवली ती निभली असती. काल बोट ठेवलं. कुणी करायला लावलं नव्हतं, हे माझ्या हातून झालं. चादर धुवायला टाकली.

८ सप्टेंबर

गणपती दीड दिवसाचे. नोनाला मोदक दिले, तिला फार आवडतात, म्हणते आमच्या रिकोट्याच्या (तिकडचं मऊ पनीर) गोडासारखे. डबा परत आला अंजिरांनी भरून. मागच्या अंगणातलं तिचं झाड. आम्ही भांडं रिकामं परत करत नाही हे एकदा तिला सांगितलं होतं, तेव्हापासून तिनंही कधी केलं नाही.

एक विचार सुचलाय. पार्सल करावे. तिकडच्या फादरना चिठ्ठी लिहायची, सगळं खरं, आणि डोळे पाठवायचे. आपल्या हातानं अडकवले नाहीत तरी पोचतील तर खरे. पत्ता नोनाकडेच मागितला, म्हटलं आभाराचं कार्ड पाठवायचंय. तिनं आनंदानं डिक्टेट केला, 'ल' एक की दोन तेही सांगितलं.

१९ सप्टेंबर

पोस्टात जाऊन आले. पार्सलचा फॉर्म, आत काय आहे लिहा. लिहिलं, चांदीचे डोळे, एक जोडी. खिडकीतल्या बाईनं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

मग सुचलं, फादरचं उत्तर नोनाला जाईल. नाताळला ती त्यांना कार्ड पाठवते, ते तिला. 'तुमचे डोळे सप्टेंबरात पोस्टानं मिळाले.' पार्सल परत मागून घेतलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, सुनंदा, तुला नोनाचा नवस फेडायचा आहे का तुझी अब्रू वाचवायची आहे, आधी ठरव. मी चिडून कुकर आपटला. पण रात्रभर तेच. बरोबर बोलले.

५ ऑक्टोबर

नोनाच्या डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. १५ ऑक्टोबर.

ह्यांचं म्हणणं, डोळा सर्जनच्या हातात आहे, चांदीच्या पत्र्यात नाही. मलाही ते पटतं. मी बी.एस्सी. आहे. पण माझ्या पापणीवरचा तो फोड, आईनं वाहिलेले डोळे, ते कुठे जातं? माझं दोन्हीकडे आहे. देवळात शिरायला घाबरते आणि पोस्टाच्या खिडकीतल्या बाईलाही घाबरते.

१४ ऑक्टोबर

संध्याकाळी डोळ्यांची पुरचुंडी हातात घेऊन खाली गेले. ठरवून. काय बोलायचं ते इंग्लिशमध्ये आधी म्हणूनही बघितलं.

नोना बॅग भरत होती. म्हणाली, मागच्या वेळी आदल्या दिवशी मला उलट्या झाल्या होत्या भीतीनं. ह्या वेळी बघ, जेवलेसुद्धा. का माहितेय? मागच्या वेळी माझ्याकडे नुसता शब्द होता, ह्या वेळी तिच्याकडे माझे डोळे आहेत.

मी तिच्या गाऊनच्या घड्या घालून दिल्या. पुरचुंडी कार्डिगनच्या खिशात. तशीच वर आले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सांगून तिचा धीर कशाला घालवायचा, असं म्हणून मी माझी समजूत घालतेय. कारण बरं आहे. फक्त आधीच्या सत्तर दिवसांना ते लागू नाही.

२१ ऑक्टोबर

ऑपरेशन व्यवस्थित. नोना घरी. डोळ्यावर पट्टी, वाकायचं नाही, शिंकायचंसुद्धा जपून. मी दोन्ही वेळचं जेवण देते. नेहा शाळेतून आली की तिला पेपर वाचून दाखवते. डोळ्यात औषध मी घालते. ती मान मागे टाकते आणि म्हणते, "तुझे हात चांगले आहेत."

देवा.

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. फारसं काही केलं नाही, लाडू-चकल्या केल्या. परवापासून नोनाला डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके, मग कडेनं अंधार. डॉक्टरांकडे आम्ही घेऊन गेलो. आतला पडदा सुटलाय. अशा डोळ्यांत कधीकधी होतं म्हणाले, कुणाची चूक नाही. पुन्हा ऑपरेशन करता येईल, पण ह्या वयात, आणि खात्री नाही. मुलाशी फोनवर बोलून ठरवणार.

परतताना गाडीत मागे बसून तिनं माझा हात धरला होता. म्हणाली, "मी स्वतः जायला हवं होतं. गुडघ्यांचं निमित्त केलं. आई म्हणायची, नवसाला माणूस पाठवू नये. मातेला राग आला असेल." मग घाईनं म्हणाली, तुझा नाही, तू चांगली आहेस, माझाच.

ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. गाडी चालवत राहिले.

डोळा गेला तर तो माझ्यामुळे नाही, हे मला कळतं. पण ती आता स्वतःला दोष देत बसणार, आणि ते मात्र पूर्णपणे माझ्यामुळे.

८ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

फराळाचा डबा भरला, लाडू, चकली, शंकरपाळे, आणि पुरचुंडी वेगळी, हातात, दिसेल अशी. नोना स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसली होती. मी रेडिओ बंद केला आणि उभ्यानंच सांगितलं. भाऊकाका गेले तिथपासून. डोळे टेबलावर ठेवले. तिनं हात लावला नाही.

सुतक तिला समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाली, माझी आई गेली तेव्हा आमच्या घरीही चूल पेटली नव्हती, शेजारचे जेवण आणत. त्यावर तिला राग नव्हता. आत गेली नाहीस ते ठीक, म्हणाली. मला वाटलं, संपलं, सुटले.

मग तिनं विचारलं, "किती दिवस पाळता?"

"दहा."

"इथे आलीस तेव्हा कितवा होता?"

"आठवा."

तिनं टेबलावर बोटं मोजली. "म्हणजे त्या रविवारी तू मोकळी होतीस. रविवारी सांगायचं होतंस. मी दुसरं कुणी शोधलं असतं."

मी रडत होते. ती नव्हती. तिनं खिडकीकडे तोंड वळवलं. मग विचारलं, "त्या रात्री मी कुणाच्या डोळ्यांची पापी घेतली?"

मला माहीत नाही, असं म्हणाले. खरंच माहीत नाही. कुणा बाईचे असतील, कुणा पोराचे. तिनं दाराकडे बोट केलं नाही, काही नाही. पण मी उठून वर आले. डबा आणि डोळे तिथेच.

नेहाला सांगितलं की सांगून आले. ती माझ्या पलंगावर येऊन बसली.

९ नोव्हेंबर

खालून आवाज नाही. रेडिओ नाही.

११ नोव्हेंबर

सकाळी दाराबाहेर डबा. घासलेला, पुसलेला. उचलला तर हलका. वाटलं, पहिल्यांदाच रिकामा आला. झाकण उघडलं, आत रुमाल, रुमालात डोळे.

हे म्हणतात, अर्थ सरळ आहे, जा आणि स्वतः अडकवून ये. नेहा म्हणते, "ऑर शी जस्ट डझन्ट वॉन्ट देम इन हर हाउस." दोघांचंही बरोबर असू शकतं. की तिला नुसतं रिकामं भांडं परत करायचं नव्हतं?

मी विचारायला गेले नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. देव्हाऱ्यात ठेवता येत नाहीत, ते माझ्या देवाचे नाहीत. परत पर्समध्ये तर मुळीच नाही. देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलेत, समईच्या बाजूला.

१७ नोव्हेंबर

दुसरं ऑपरेशन जानेवारीत ठरलं, मुलगा येणार. हे ह्यांनी सांगितलं, नोना त्यांच्याशी बोलते. माझ्याशी जिन्यात 'गुड मॉर्निंग' एवढंच. औषध आता नेहा घालते.

ट्रॅव्हल एजंटला फोन केला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ह्यांना रजा नाही. एकटी जाऊ का, विचारलं तर हे म्हणाले, जा. इतक्या पटकन म्हणतील असं वाटलं नव्हतं. पण एकटी? ती भाषा, ती बस, ती वाट. आणि जानेवारीच्या आधी? तिकडे वर बर्फ असतं म्हणे. आणि मुळात तिला ते हवंय का? न विचारता गेले तर पुन्हा माझ्याच मनाचं.

२३ नोव्हेंबर, रविवार

अंजिराला गुंडाळायचा दिवस. दर वर्षी थंडी पडायच्या आधी नोना झाडाच्या फांद्या दोरानं एकत्र आवळते, त्यावर जुनी पोती, चादरी, ब्लँकेटं, आणि शेंड्यावर उलटी बादली. तिच्या गावी, वर बर्फ पडलं तरी, इतकी कडक थंडी नाही, तिथे झाडं मोकळी असतात. हे झाड तिच्या नवऱ्यानं काडी आणून लावलेलं.

खिडकीतून बघितलं तर ती एकटीच अंगणात, एका डोळ्यानं अंदाज घेत दोर फेकत होती. दोन वेळा चुकला. हे दाढी करत होते. मी थांबले नाही. आईनं दिलेलं जुनं इरकल पातळ ट्रंकेतून काढलं, विरलेलं, पण ऊबदार. स्लाइडची ती चादरही घेतली. जाताना फळीवरून पुरचुंडी उचलली, कोटाच्या खिशात टाकली. विचारायचंच असं ठरवून.

अंगणात गेले. तिनं बघितलं. चादर मी पुढे केली, तिनं ती घेतली, उलगडली, थोडा वेळ हातात धरली. ओळखली असावी. मग झाडाला गुंडाळली. त्यावर पातळ. मी दोर आवळत गेले, ती फिरत गेली.

दम लागला तेव्हा म्हटलं, "नोना, तू डबा परत पाठवलास, त्यात..."

ती दोराची टोकं जुळवत होती. गाठ घालताना दोर सैल पडत होता.

"इथे बोट ठेव," म्हणाली.

मी ठेवलं. तिनं त्यावरून दोर घेतला, ओढला. बोट आत दाबलं गेलं. खिशातल्या रुमालाचा कोपरा बाहेर आला होता, तिची नजर त्यावर गेली आणि तिथेच राहिली. उत्तर दिलं नाही. 'काढ' असंही म्हणाली नाही. मी बोट तसंच ठेवलं.